दुधाळ पाण्यातली वाट

पाण्याचा एक गोल हौद. पाणी दुधाळ केलेले आणि पृष्ठभागाखाली नजरेला न दिसणारा एक छोटा चौथरा. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेला प्रयोग एवढाच होता. पाण्यात सोडलेला उंदीर पोहता पोहता चौथऱ्याला लागतो. नंतर त्याला कोणत्याही काठावरून सोडले, तरी खोलीतल्या खुणा पाहून तो थेट तिकडे निघतो. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग निकामी केला, तर त्याला ही जागा नीट शिकता येत नाही, हे १९८२ मध्ये दिसून आले.

सेरोटोनिनचा इतिहास मात्र मेंदूपासून दूर सुरू होतो. १९३० च्या दशकात इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामर यांना हे द्रव्य आतड्याच्या अस्तरात आढळले. १९४८ मध्ये क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी ते रक्ताच्या सीरममधून वेगळे काढले. ते मेंदूतही असते, हे बेटी ट्वारोग आणि पेज यांनी १९५३ मध्ये दाखवले. पुढे १९५७ मध्ये गॅडम आणि पिकारेली यांना गिनीपिगच्या आतड्यात या द्रव्याला प्रतिसाद देणारे दोन प्रकारचे ग्राही असल्याचे आढळले. आज ग्राहींची सात कुळे मानली जातात.

हे दोन इतिहास हौदापाशी एकत्र आले. हिप्पोकॅम्पसमध्ये '१ए' नावाचा ग्राही विपुल आहे. तो पेशींची उत्तेजना कमी करतो. १९९२ मध्ये मिर्याना कार्ली आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधला हा ग्राही औषधाने चेतवला, तेव्हा उंदीर जागा शिकण्यात मागे पडले. म्हणजे तो नसलेला बरा? २००० मध्ये हा ग्राही जन्मतःच नसलेल्या, लहान जातीच्या उंदरांची परीक्षा झाली. तेही हौदात मागे पडले! ग्राही अति चेतवला तरी वाट चुकते, मुळात नसला तरीही चुकते. तंबोऱ्याची तार जास्त ताणली काय किंवा सैल सोडली काय, सूर बिघडतोच.

हा प्रश्न उंदरांपुरता नाही. अल्झायमर झालेल्या माणसाला ओळखीच्या रस्त्यावर घर सापडेनासे होते. सेरोटोनिनचा सहाव्या कुळातला ग्राही रोखल्यावर उंदरांना चौथऱ्याची जागा अधिक काळ लक्षात राहिली, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण त्यावर बेतलेली इडालोपिरडीन आणि इंटेपिरडीन ही औषधे २०१७-१८ च्या सुमारास रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली.

हौदातला उंदीर निरोगी होता किंवा त्याची स्मृती औषधाने तात्पुरती मंदावलेली होती. रुग्णाच्या मेंदूतल्या तर पेशीच मरत असतात. सेरोटोनिनचे ग्राही स्मृतीचा सूर लावतात. वाद्यच झिजले असेल, तर नुसता सूर लावून भागत नाही.