कोडिंग न येणाऱ्यांचं गाव: जिओसिटीज वसलं कसं आणि उठलं कसं

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलतानाचे "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत, सगळे नाही.

तुमच्यापैकी बरेच जण एकच प्रश्न विचारताय: "मला कोडिंग येत नाही, तरी माझी स्वतःची वेबसाइट होईल का?" होईल. फोनवरूनसुद्धा होईल. पण या प्रश्नामागे तीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बघितला की कळतं, साइट बनवायचा मार्ग लोकांना केव्हाच सापडला होता. बनवलेली साइट टिकवणं हे खरं दुखणं.

सुरुवात अगदी पहिल्यापासून करू. १९९० साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला. आणि गंमत बघा, त्या ब्राउझरमध्ये पान वाचताही यायचं आणि लिहिताही यायचं. वर्डमध्ये टाइप करतो तसं टाइप करायचं, शब्दाला लिंक द्यायची, झालं. म्हणजे वाचणारा आणि लिहिणारा वेगळे असावेत असं मुळात डोक्यातच नव्हतं. अडचण एवढीच की हा ब्राउझर नेक्स्ट नावाच्या महागड्या संगणकावरच चालायचा. बाकीच्या संगणकांसाठी निकोला पेलो या विद्यार्थिनीने एक साधा ब्राउझर लिहिला. तो कुठेही चालायचा, पण त्यात फक्त वाचता यायचं. जगभर पसरला तो हा वाचण्यापुरता प्रकार. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझर आला, मजकुरासोबत चित्रं दिसू लागली, लोकांची झुंबड उडाली. पण पान लिहायचं तर एचटीएमएल शिका, सर्व्हर शोधा. सामान्य माणूस प्रेक्षकांतच बसला.

आता येऊ जिओसिटीजकडे. १९९४ च्या शेवटी डेव्हिड बोहनेट आणि जॉन रेझनर यांनी कॅलिफोर्नियात "बेव्हर्ली हिल्स इंटरनेट" नावाची कंपनी काढली. पुढच्या वर्षी त्यांनी लोकांना वेबवर फुकट जागा द्यायला सुरुवात केली आणि नाव बदलून जिओसिटीज केलं. जागा किती? सुरुवातीला २ एमबी. आज तुमच्या फोनवरचा एक फोटोही त्यात धड मावणार नाही.

पण त्यांची कल्पना भारी होती. त्यांनी जागा वाटली ती गावातल्या प्लॉटसारखी. विषयाप्रमाणे वस्त्या होत्या: विज्ञानकथावाल्यांसाठी एरिया ५१, सिनेमासाठी हॉलिवूड, संगणकासाठी सिलिकॉन व्हॅली, कुटुंब आणि घरगुती गोष्टींसाठी हार्टलँड, शिक्षण-तत्त्वज्ञानासाठी अथेन्स. तुम्ही वस्ती निवडायची, रिकामा प्लॉट शोधायचा, आणि त्या घर नंबराचा पत्ता तुमचा. तिथे राहणाऱ्यांना ते "होमस्टेडर" म्हणायचे, म्हणजे मोकळ्या जमिनीवर घर बांधून राहिलेला माणूस. पान बनवायला एक फॉर्म असायचा: मथळा इथे, मजकूर इथे, मागचा रंग निवडा, बटण दाबा. ज्यांना अजून काही हवं असे ते शेजाऱ्याच्या पानाचा कोड उघडून बघायचे आणि खुशाल उचलायचे. चोरी वगैरे कोणी म्हणत नसे. मला तर वाटतं, एका अख्ख्या पिढीने एचटीएमएल असंच शिकलं.

ही पानं दिसायची कशी? इंटरनेट आर्काइव्हवर मी ती अजूनही उघडून बसतो. काळ्या पार्श्वभूमीवर चांदण्या, त्यावर पिवळी अक्षरं, लुकलुकणारे बाण, "काम चालू आहे" म्हणत फावडं मारणारा माणूस, किती जण येऊन गेले ते मोजणारा काउंटर, खाली गेस्टबुक. डिझायनर लोक नाकं मुरडायचे. पण कोणी आपल्या मांजरावर पान केलेलं, कोणी आजारपणावर, कोणी गावाच्या इतिहासावर. यातलं कुणीही स्वतःला तंत्रज्ञ म्हणवत नव्हतं. ऑक्टोबर १९९७ पर्यंत अशा घरांची संख्या १० लाखांवर गेली.

इकडे आपल्याकडे काय होतं? भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून, टेलिफोनच्या तारेवरून. मराठीपुढे तर वेगळाच डोंगर होता. तुम्ही मराठीत पान लिहिलंत तरी वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसेल तर त्याला दिसायचा नुसता अक्षरांचा काला. म्हणून जुन्या मराठी साइटवर पहिली ओळ असायची, "आधी फॉन्ट उतरवून घ्या." तरी लोक थांबले नाहीत. मायबोली १९९६ पासून आहे, परदेशातल्या मराठी माणसांनी सुरू केलेली. पुढे संगणकांत युनिकोड रुळला, २००४ मध्ये मनोगत आलं, आणि ब्लॉगरसारख्या सेवांमुळे मराठीत लिहिणं म्हणजे एक पेटी भरून बटण दाबणं एवढंच उरलं. माझ्या मते मराठीपुरता खरा जिओसिटीजचा काळ तो होता, दहा वर्षं उशिरा आलेला.

तिकडे मात्र गावाचा मालक बदलला होता. १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज घेतलं, सुमारे ३.६ अब्ज डॉलर किमतीच्या शेअरच्या बदल्यात. त्याच वर्षी नव्या अटी आल्या. त्यांचा अर्थ असा निघत होता की तुम्ही टाकलेला मजकूर याहू हवा तसा वापरू शकते. लोक चिडले, पानांवरचे रंग उडवून निषेध केला, आणि याहूला अटी मागे घ्याव्या लागल्या. पण त्या निमित्ताने लोकांना पहिल्यांदा जाणवलं की घर आपण बांधलं असलं तरी सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे.

पुढे लोक दुसरीकडे गेले, आणि एप्रिल २००९ मध्ये याहूने जाहीर केलं की जिओसिटीज बंद होणार. २६ ऑक्टोबर २००९ ला ते बंद झालं. मधल्या सहा महिन्यांत आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने, जेसन स्कॉट यांच्या पुढाकाराने, दिवसरात्र पानं उतरवून घेतली. इंटरनेट आर्काइव्हही त्याच कामाला लागलं होतं. पुढच्या वर्षी आर्काइव्ह टीमने तो सगळा साठा कुणालाही घेता येईल असा खुला केला, जवळपास १ टेराबाइट. सगळं वाचलं नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं ना, तसं आज जिओसिटीज दिसतं: कळस दिसतो, घरं नाहीत.

माझ्या मावशीचं असंच झालं, छोट्या प्रमाणात. आजीच्या हातच्या पदार्थांचा ब्लॉग तिने एका फुकट सेवेवर चालवला होता. सेवा बंद झाली. बंद होण्याची सूचना आली ती अशा ईमेलवर, जो ती वर्षभर उघडत नव्हती. तिखटमिठाचं प्रमाण तिला पाठ आहे, पण आजी तिला ते सांगताना जे बोलली होती ते फक्त तिथेच लिहिलेलं होतं.

म्हणून आता कामाचं बोलू. फुकट सेवा वापरायला माझी काही हरकत नाही. ब्लॉगर आहे, वर्डप्रेस डॉट कॉम आहे, गूगल साइट्स आहे. आणि जिओसिटीजची आठवण ठेवून २०१३ मध्ये सुरू झालेलं निओसिटीजही आहे, तिथे थोडं एचटीएमएल लिहावं लागतं पण मजा येते. यातलं काहीही घ्या, फक्त दोन गोष्टी करा. पहिली, डोमेन म्हणजे पत्ता स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चालू ईमेलवर विकत घ्या. दरवर्षी थोडे पैसे भरावे लागतात, पण उद्या सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. साइट एखाद्या मित्राने करून दिली तरी डोमेन त्याच्या नावावर जाऊ देऊ नका. पुढे त्याने फोन उचलला नाही की तुम्ही अडकलात. ब्लॉगर स्वतःचं डोमेन फुकट जोडू देतं, वर्डप्रेस डॉट कॉम त्यासाठी पैसे घेतं. दुसरी, दोन-तीन महिन्यांनी मजकुराची प्रत उतरवून घ्या. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये ती सोय आहे. शिवाय इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आपल्या पानाचा पत्ता टाकून ते जतन करा म्हणून सांगता येतं, तेही फोनवरून.

आणि जाता जाता, सर्नचं ते पहिलं पान. त्याचीही अगदी मूळ प्रत कुणी जपून ठेवली नव्हती. २०१३ मध्ये सर्नने ते पुन्हा जुन्या पत्त्यावर उभं केलं तेव्हा हाताशी होती ती १९९२ ची प्रत. इन्फो डॉट सर्न डॉट सीएच. फोनवर उघडून बघा, पटकन उघडतं.