खापरावरचे मांडे, कढईवरचे मांडे

'मनात मांडे खाणे' हा वाक्प्रचार मराठीच्या तासाला दरवर्षी येतो. मुले अर्थ अचूक सांगतात, वाक्यही बरे करतात. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी सहज विचारले, "पण मांडा म्हणजे काय रे?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मांडे आपल्यात नसतात. ते मुसलमानांच्या लग्नात असतात."

मी इतिहासाचा माणूस. ते उत्तर मनाला लागले. पुढच्या रविवारी सकाळी वीसेक मुलांना घेऊन मी लालबागहून शहरात पायी निघालो.

लालबाग हे बुऱ्हाणपूरच्या रेल्वे स्टेशनचे उपनगर. मोगलकाळच्या बागेवरून त्याला हे नाव पडले. जवळच कुंडी भंडारा आहे. अब्दुर्रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारात मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून खेळवले गेले. वर हवा-उजेडासाठी शंभराच्या आसपास कुंड्या आहेत. विद्या इराणची, पाणी सातपुड्याचे. मुलांना म्हटले, "आज जे खाऊ, त्याची कणीक एके काळी याच पाण्यात भिजत असे, हे ध्यानात ठेवा."

शनवारा ओलांडून गावात शिरलो, तेव्हा मावा जलेबीचा घाणा कढईत पडत होता. मावा कालवल्यामुळे ही जलेबी जाड आणि काळसर तांबडी होते. मुंबईच्या मोहम्मद अली रस्त्यावरही ती आमच्या गावाच्या नावाने विकली जाते. पुढे दराबा घेतला. रवा, साखर आणि तूप. पण सारी करामत हाताने फेटण्याची. हाताला थकवा आला की दराबा जड होतो.

जामा मशिदीशी थांबलो. फारुकी सुलतान आदिलशहाने १५९० च्या सुमारास ती पुरी केली. आत अरबी शिलालेख आहे आणि त्याबरोबर संस्कृतही आहे. संस्कृत अक्षरांकडे मुले बघतच राहिली. १६०१ मध्ये अकबराने फारुकींचे राज्य संपवले. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर हे शहर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि १८६० मध्ये इंग्रजांकडे. राज्ये बदलली, तरी बाजारातल्या चुली विझल्या नाहीत.

शेवटी मांड्यांच्या भट्टीवर गेलो. कारागिराने गोळा थापला, दोन्ही हातांवर झुलवत वाढवला आणि धोतराच्या पदराएवढा झाल्यावर पालथ्या लोखंडी कढईवर अलगद टाकला. मिनिटभरात उतरवून रुमालासारखी घडी घातली. मोगलांच्या फौजेला झटपट जेवू घालण्यासाठी ही रीत निघाली, असे गावात सांगतात. त्याने प्रत्येक मुलाच्या हातावर गरम तुकडा ठेवला. पैसे देऊ लागलो तर म्हणाला, "मास्टरसाब, बच्चों से क्या लेना!"

तीच मुलगी कढईकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "सर, आमची आजी रावेरला पुरणपोळी अशीच हातावर फिरवायची. पण खापरावर."

मला हवे होते ते तिच्याच तोंडून आले. खानदेशातली खापरावरची पुरणपोळी म्हणजेच पुरणाचा मांडा. हातावर वाढवायचा आणि पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजायचा. पुरण भरले की खापरावरचा, न भरता मोठा केला की कढईवरचा; रीत एकच. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात 'मंडक' आहे. म्हणजे बुऱ्हाणपूर वसण्याच्या सुमारे पावणेतीनशे वर्षे आधी. कुंभारांनी खापर नाकारले, तेव्हा मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा तर घरोघरची. त्या मुक्ताबाईचे मुक्ताईनगर इच्छापूरच्या वाटेने गेले तर आमच्यापासून फार दूर नाही.

१९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशातच राहिला. रावेर आणि बुऱ्हाणपूर यांच्यामध्ये राज्याची हद्द कायम झाली. ती नकाशावरची रेघ. पण 'आपल्यात' आणि 'त्यांच्यात' ही रेघ मुलांच्या मनात कोणी ओढली? मला वाटते, आपल्याच घरांनी ओढली. सोय म्हणून आपण खापर माळ्यावर टाकले, पोळी तव्यावर आणली आणि मुलांना फक्त वाक्प्रचार दिला. ज्यांनी कढई चुलीवरून उतरवली नाही, त्यांच्याकडे मांडा राहिला. मग तो त्यांचाच, असे मुलांना वाटले तर दोष कोणाचा?

हे लिहिताना मीही सुटत नाही. आईचे खापर घर बदलताना तडकले, तेव्हा नवे आणायचे मी "बघू पुढे" म्हणून टाळले. आई गेली आणि तो विषय संपला. सहलीच्या दुसऱ्या दिवशी माळा उपसला. तडकलेले खापर सापडले. त्यात सौभाग्यवतीने जुन्या पणत्या ठेवल्या होत्या.

यंदा त्या मुलीच्या आजींना शाळेत बोलावले आहे. हात थरथरतात, पण त्या येते म्हणाल्या. अट एकच घातली: "मास्तर, खापर नवं पाहिजे, आणि ते तुम्हीच शोधून आणायचं." तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी कुंभारवाडे पायी धुंडाळणार आहे.