सतरा की अठरा सप्टेंबर?

दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून पोरं घरी येतात आणि विचारतात, "देश तर पंधरा ऑगस्टला स्वतंत्र झाला, मग आज परत झेंडा कशाला?" प्रश्न रास्त आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला शेजारचं वाशीम स्वतंत्र झालं. आपली हिंगोली, वसमत, कळमनुरी मात्र निझामाच्या राज्यातच राहिली. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते हुतात्मा बहिर्जी याच लढ्यातले.

आपल्या समाजापुढेही तेव्हा पेच होता. काही पुढारी निझामाकडे झुकले होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेबांनी पत्रक काढून हैदराबादच्या अस्पृश्य बांधवांना स्पष्ट बजावलं, की कोणत्याही परिस्थितीत निझामाची किंवा इत्तेहादची बाजू घेऊ नका.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा आत शिरल्या. पाच दिवसांत लढाई आटोपली. १७ तारखेला लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि संध्याकाळी निझामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. पण सेनापती अल इद्रूस मेजर जनरल जे. एन. चौधरी यांना रीतसर शरण गेले ते १८ ला! बाबासाहेबांच्या समितीने मसुदा केलेलं संविधान मान्य असल्याचं निझामाचं फर्मान तर २३ नोव्हेंबर १९४९ चं. म्हणजे कागद धरून बसलं तर तारखा अनेक. तरी सतराच रुळली. माझ्या मते ते ठीकच झालं. शरणागती दोन सेनापतींमधली होती, रेडिओवरची बातमी मात्र साऱ्या रयतेसाठी होती.

तारीख एक, पण नावं किती बघा. आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव. २०२२ मध्ये केंद्राने हैदराबाद मुक्ती दिन म्हटलं, तर त्याच वर्षी तेलंगण सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून सुट्टी दिली. मुक्ती म्हणायचं की विलीनीकरण, हा वाद उगाच नाही बरं का. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात कितीतरी निरपराध मुसलमान मारले गेले, हे सुंदरलाल समितीने नोंदवलं आहे. पोरांना सांगताना तेही सांगावं.

हिंगोली परभणीतून वेगळी निघून जिल्हा झाली १ मे १९९९ ला. त्यामुळे महाराष्ट्र दिनाच्या झेंड्यालाही आपल्याकडे दोन कारणं आहेत. पोरं तेही विचारतीलच.