राजीनामा : मुदतीपूर्वी करार सोडण्याच्या व्यवहाराचा इतिहास

गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकास नाशकातल्या नाशकात, पंचवटीतून गंगापूर रस्त्याकडे, बिऱ्हाड हलवावे लागले. जुन्या घरी ब्रॉडबँडची जोडणी एका वर्षाच्या करारावर घेतलेली होती व त्या वर्षाचे पाच महिने शिल्लक होते. नव्या इमारतीत त्या कंपनीची तार पोहोचलेली नव्हती. तरीही कंपनीने उरलेल्या पाच महिन्यांचे शुल्क मागितले. कारण करारात तसे कलम होते व त्यास मी संमती दिलेली होती. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु सेवा देणे कंपनीस शक्य नाही आणि घेणे मला शक्य नाही, अशा स्थितीत करार मोडला कोणी, हा प्रश्न मनात राहिला. जागेशी बांधलेला करार माणूस जागा सोडतो तेव्हा कसा संपावा, हा प्रश्न मात्र नवा नव्हे. ह्या जिल्ह्याच्या महसुली व्यवहारात तो फार पूर्वी उपस्थित झाला होता, व त्याचे जे उत्तर तेव्हा देण्यात आले त्याची खूण एका अत्यंत परिचित मराठी शब्दात आजही शिल्लक आहे. तो शब्द म्हणजे 'राजीनामा'.

आज राजीनामा म्हटले की मंत्र्याचा किंवा नोकरदाराचा पदत्याग एवढाच अर्थ मनात येतो. शब्दाची घडण पाहिली तर तिच्यात 'त्याग' कोठेच नाही. 'राजी' हा अरबी शब्द. संतुष्ट, संमत असा त्याचा अर्थ. 'नामा' हा फारसी, लेख, पत्र. राजीनामा म्हणजे संमतिपत्र. हिंदीत हा शब्द अद्याप ह्याच अर्थाच्या जवळ आहे. तेथे 'राज़ीनामा' म्हणजे दोन पक्षांतील समेट, आणि पद सोडण्यास 'इस्तीफ़ा' हा वेगळा शब्द. उलट मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू व तमिळ ह्या भाषांत राजीनामा म्हणजे पदत्याग. मल्याळम भाषेने तर 'राजी' एवढ्या अर्ध्या शब्दावरच हा अर्थ लादला आहे. भाषाकुलांच्या दृष्टीने ही वाटणी चमत्कारिक दिसते, कारण मराठी व गुजराती ह्या येथे हिंदीपासून तुटून द्राविडी भाषांच्या पंक्तीस बसतात. पण नकाशा महसूलपद्धतीचा घेतला तर कोडे बरेचसे सुटते. मुंबई व मद्रास हे रयतवारीचे इलाखे होत. ह्या इलाख्यांत शेतकऱ्याचा करार जमीनदाराशी नसून सरकारशी असे, आणि शेत सोडावयाचे झाल्यास तो सरकारला जो लेख देई त्यास राजीनामा म्हणत. जमीन सोडण्याच्या लेखाचे नाव पुढे कोणतेही पद सोडण्याच्या लेखास लागले, असे माझे अनुमान आहे. न्यायालयीन मराठीत समेटाचा अर्थही राहिला. परंतु लोकभाषेत जिंकला तो शेताचा अर्थ.

राजीनाम्याचा जोडीदार 'कबुलायत'. शेत घेणारा कबुलायत देई, सोडणारा राजीनामा देई. एकाच व्यवहाराचे हे प्रवेशद्वार व निर्गमद्वार होत, आणि दोन्हींची नावे संमतिवाचकच आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ही व्यवस्था एकाएकी उत्पन्न झालेली नव्हती. मराठेशाहीत गावचा शेतकरी मिरासदार तरी असे, नाही तर उपरी. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा. तो गाव सोडून गेला तरी परत येऊन आपली मिरास मागण्याचा त्याचा अधिकार दीर्घकाळ जिवंत मानीत. परंतु ह्या हक्काची दुसरी बाजू अशी की, सारा देण्याची जबाबदारीही त्यास सहजी टाकता येत नसे. उपऱ्याचे ह्याच्या उलट होते. त्यास कायमचा हक्क नव्हता, पण कौलाची मुदत संपली की तो बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाई. पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी 'इस्ताव्याचा कौल' देत. त्यात पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, पुढे वर्षागणिक चढत जाऊन अखेरीस पूर्ण दर. पूर्ण दराचे वर्ष आले की शेत टाकून शेजारच्या गावी नवा कौल घ्यावयाचा, हा मोह कुळांस होत असे व गावच्या पाटलाची ती डोकेदुखी होती. पहिले काही महिने अल्प दराने सेवा देऊन पुढे ग्राहकाने टिकावे अशी अपेक्षा करणाऱ्या आजच्या कंपनीची अडचण त्या पाटलाहून वेगळी नाही. घरापर्यंत तार ओढणे, यंत्र बसविणे, कारागीर पाठविणे हा खर्च ती आरंभी सोसते व मासिक शुल्कातून हळूहळू वसूल करते. तेव्हा मुदतीचे बंधन हे केवळ लबाडीतून निघाले आहे, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.

इंग्रजी अमलात हा प्रश्न नव्या रीतीने सोडविला गेला. गोल्डस्मिड व विंगेट ह्यांच्या पाहणीवर आधारलेली जमाबंदी १८३६ साली इंदापूर तालुक्यात प्रथम लागू झाली. १८४० नंतरच्या दशकात ती नाशिक भागातील तालुक्यांत आली. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा होण्यास तेव्हा अवकाश होता, तो १८६९ साली झाला. ह्या जमाबंदीची तत्त्वे गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन ह्यांनी १८४७ च्या संयुक्त अहवालात मांडली. सारा ३० वर्षांसाठी ठरवावयाचा, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. तिच्या जोडीची दुसरी गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. ३० वर्षांचे बंधन सरकारवर होते, रयतेवर नव्हते. सरकारला मधेच दर वाढविता येत नसे. शेतकऱ्यास मात्र दरवर्षी शेत सोडता येई. करार एका बाजूने दीर्घ मुदतीचा आणि दुसऱ्या बाजूने सालोसालचा. आजच्या ग्राहकाच्या करारात बहुधा नेमके ह्याच्या उलट दिसते. मुदतीने बांधला जातो तो ग्राहक. अटी बदलण्याचा अधिकार कंपनी आपल्याकडे राखून ठेवते.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने ही रीत कलम ७४ मध्ये ग्रथित केली. कब्जेदाराने मामलेदारास किंवा महालकऱ्यास लेखी सूचना देऊन आपला कब्जा सोडावा, मग तो निखालस सोडावा किंवा एखाद्या नामनिर्दिष्ट व्यक्तीच्या लाभात सोडावा. निखालस त्याग चालू वर्षाच्या अखेरीपासून अमलात येई, व त्याची सूचना ३१ मार्चपूर्वी द्यावी लागे. शेत सोडावयाचे तर सबंध सर्व्हे नंबर किंवा त्याचा मान्य हिस्सा सोडावा लागे. बांधालगतचा चांगला तुकडा राखून खडकाळ तेवढा सरकारच्या पदरात टाकण्याची सोय नव्हती. (दूरध्वनी, दूरचित्रवाणी व ब्रॉडबँड एकाच पुडक्यात विकणाऱ्यांनीही हे तत्त्व आपापल्या परीने जपले आहे.) तारखेमागील व्यवहारज्ञान उघड आहे. रब्बीची मळणी उरकत आलेली असते, पुढल्या पेरणीस अवकाश असतो, आणि तेवढ्या अवधीत ते शेत दुसऱ्या कोणास देता येते. सोडणाऱ्याकडून दंड नाही, उरलेल्या मुदतीचा सारा नाही. मागणे एवढेच की, वेळेवर कळवा. पाटलाची जुनी डोकेदुखी सरकारने दंडाने नव्हे, तर तारखेने मिटविली.

ह्या उदारतेचे कारण सरकारच्या अंतःकरणात शोधण्याची गरज नाही. जमाबंदीच्या प्रारंभी पडीक जमीन अमाप होती. जो सहज बाहेर पडू शकतो तोच निर्धास्तपणे आत येतो, हा हिशेब त्यामागे होता. स्थिती पालटली तेव्हा राजीनाम्याचा उपयोगही पालटला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात कापसाचे भाव चढले व जमिनीस मोल आले. मग निखालस त्याग मागे पडून 'नामनिर्दिष्ट व्यक्तीच्या लाभात' केलेल्या राजीनाम्याचे महत्त्व वाढले, आणि ती व्यक्ती अनेकदा सावकार असे. ऋणको राजीनामा देई, धनको कबुलायत देई, खाते फिरे. कागदावर सर्व काही राजीखुशीचे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले व ज्यांच्यामागून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, त्यांच्या पार्श्वभूमीवर हा 'राजी' शब्द वाचला पाहिजे.

हीच गोष्ट पुढे आणखी एकदा घडली. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याच्या कलम १५ अन्वये कुळास आपला हक्क मालकाच्या लाभात केव्हाही सोडता येई. मात्र तो त्याग लेखी असावा व मामलेदाराने त्याची पडताळणी करावी, अशी अट होती. अट घालणाऱ्यांस पूर्वानुभव होता. तरीही गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी वि. म. दांडेकर व गो. ज. खुदनपूर ह्यांनी ह्या कायद्याच्या अंमलबजावणीची जी पाहणी केली व १९५७ साली प्रसिद्ध केली, तीत अशा 'स्वेच्छेच्या' त्यागांच्या खरेपणाविषयी गंभीर शंका व्यक्त झाल्या. म्हणजे एका काळी बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य देणारा लेख दुसऱ्या काळी बाहेर काढण्याचे साधन झाला. लेखाचा मजकूर फारसा बदलला नव्हता. बदलली होती ती सोडणाऱ्याच्या पाठीमागे उभी असलेली माणसे.

हे सूत्र हाती घेऊन दूरध्वनीकडे वळले म्हणजे तेथील इतिहास सुगम होतो. मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ साली सुरू झाले. परंतु स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके दूरध्वनी ही रांगेत उभे राहून मिळवावयाची वस्तू होती. ज्याच्या मागे शेकडो इच्छुक उभे आहेत त्यास मुदतीने बांधून ठेवण्याचे खात्यास कारण नव्हते. प्रश्न उलट होता : मिळालेली जोडणी कोणी सोडीत नसे. घर बदलले तर 'शिफ्टिंग'चा अर्ज, गाव बदलले तर बदलीचा अर्ज, आणि अगदीच निरुपाय झाला तर 'सरेंडर'. कूळकायद्याच्या इंग्रजी पाठातील हाच शब्द दूरध्वनीच्या अर्जावरून आपल्या बोलण्यात रूढ झाला, व 'राजीनामा' तोवर पदांपुरता उरल्यामुळे त्या जागी कोणास आठवला नाही.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर, ज्यात किमान वेग सेकंदास २५६ किलोबिट धरला होता, रांग ओसरली व पुरवठादार ग्राहकाच्या शोधात निघाले. येथे आपण १८४० च्या पडीक जमिनीपाशी परत येतो. फरक एवढाच की, जमाबंदीच्या कर्त्यांनी बाहेरची वाट सुलभ करून माणसे आत आणली. कंपन्यांनी आतली वाट स्वस्त करून बाहेरचीवर जकात बसविली. फिरत्या दूरध्वनीचे असे झाले नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक कायम ठेवून सेवादाता बदलता येऊ लागला, कारण तो करार जागेशी नव्हे, माणसाशी जोडलेला होता. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डांगी गावांत पूर्वी 'औतबंदी' होती, म्हणजे आकार शेतावर नसून औतावर असे. औत माणसाबरोबर जाई, तेव्हा शेत बदलले म्हणून करार मोडत नसे. ब्रॉडबँडची तार मात्र सर्व्हे नंबरासारखी जागीच राहते.

कायदा ह्यावर अगदी मुका नाही. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलमही योगायोगाने ७४ च आहे. करारभंगासाठी एखादी रक्कम करारात नमूद असली, तरी ती आपोआप पदरात पडत नाही. तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास ह्या खटल्यात, व पुन्हा २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात, ह्या कलमाचा अर्थ विशद केला आहे. तार, यंत्र व मजुरी ह्यांचा न फिटलेला भाग ही वाजवी भरपाई होऊ शकेल. परंतु जी सेवा द्यावयाचीच नाही तिचे पाच महिन्यांचे संपूर्ण शुल्क वाजवी कसे, हे कंपनीस सांगावे लागेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने 'अनुचित करार' ही संज्ञा आणली असून नुकसानीच्या मानाने अत्यंत विषम असलेला दंड तीत समाविष्ट केला आहे. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते की नाही, हा जुना वादही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने मिटविला.

तथापि दाद मागण्याच्या स्थळाकडे पाहावे. सेवेतील उणिवेची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. पण करारच अनुचित आहे असे म्हणावयाचे असेल, तर अधिनियमाने ती तक्रार राज्य आयोगाकडे किंवा त्याच्या वर नेण्यास सांगितले आहे. चार-पाच हजार रुपयांसाठी हे कोण करील? १८७९ साली दिंडोरीच्या कब्जेदारास आपल्या तालुक्याच्या कचेरीपलीकडे जावे लागत नव्हते, आणि तेथे त्यास काही सिद्धही करावे लागत नव्हते. तारखेच्या आत कागद दिला म्हणजे काम झाले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने कलम ५५ मध्ये हा मार्ग राखला आहे. तहसीलदारास ३० दिवस आधी सूचना द्यावी, एवढेच तीत सांगितले आहे.

माझ्यापुरते म्हणाल तर मी कंपनीस करार अधिनियमाचा आधार देऊन मराठीत पत्र लिहिले, यंत्र परत केले व त्याची पोच घेतली. काही आठवड्यांनी पाचांऐवजी दोन महिन्यांचे शुल्क घेऊन खाते बंद केल्याचा संदेश आला. कोणत्या हिशेबाने दोन, हे त्यात नव्हते. पत्राच्या शिरोभागी मी प्रथम 'राजीनामा' असे लिहिले होते. पोच देणाऱ्या तरुणाने ते वाचून, सर, आपण आमच्याकडे कोणत्या पदावर होता, असे अत्यंत आदराने विचारले, तेव्हा ते खोडून 'सेवा बंद करण्याबाबत' असे लिहून दिले.