उद्दिष्टाभिमुख आवश्यकता-प्रतिमानन

उद्दिष्टाभिमुख आवश्यकता-प्रतिमानन : सॉफ्टवेअरने काय करावे याची मांडणी, ते ज्या संस्थेसाठी बनते तिची उद्दिष्टे व व्यावसायिक धोरण यांच्याशी जोडून करण्याच्या पद्धतींचे सामायिक नाव. आवश्यकता अभियांत्रिकी या शाखेत १९९० च्या दशकात या पद्धती रुजल्या. संगणक कंपन्यांत आवश्यकतेला सरसकट ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात आणि ती बहुधा ‘प्रणालीने अमुक करावे’ अशा वाक्यांच्या क्रमांकित यादीत नोंदलेली असते. यादीतले प्रत्येक वाक्य तंतोतंत पाळूनही तयार झालेली प्रणाली संस्थेच्या उपयोगी पडत नाही, असे घडते. कारण ते वाक्य कशासाठी आले हे यादी सांगत नाही. उद्दिष्टाभिमुख पद्धतीत ते ‘कशासाठी’ हाच प्रतिमानाचा गाभा असतो.

मूळ कल्पना : आवश्यकतेला ‘का?’ विचारत गेले की वरचे उद्दिष्ट सापडते आणि उद्दिष्टाला ‘कसे?’ विचारले की खालची पायरी सापडते. गावातल्या दूध संकलन केंद्राचे उदाहरण घेता येईल. ‘फॅट व एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) मोजून होताच यंत्राने पावती छापावी’ ही आवश्यकता. का? दूध घालणाऱ्याला आजचा भाव जागेवर कळावा म्हणून. तो का कळावा? मापाबद्दल शंका राहू नये म्हणून. शंका का राहू नये? गावचे दूध दुसऱ्या डेअरीकडे वळू नये म्हणून. ही शेवटची पायरी दूध संघाच्या धोरणातली आहे, सॉफ्टवेअरमधली नाही. साखळी समोर असली की पावतीऐवजी मोबाइलवरच्या संदेशाने भागेल का, हे विचारता येते. शंका फॅटबद्दल नसून वजनकाट्याबद्दल असेल तर पावती आणि संदेश दोन्ही निरुपयोगी, हेही तिथेच उघड होते. नुसती यादी समोर असेल तर चर्चा प्रिंटरच्या किमतीपलीकडे सहसा जात नाही.

एका उद्दिष्टाची उपउद्दिष्टे दोन प्रकारे जोडतात : सगळी साधली तरच वरचे साधते, किंवा कोणतेही एक साधले तरी पुरते. दुसऱ्या प्रकारच्या फांद्यांत पर्याय दिसतात आणि धोरणाच्या दृष्टीने निवड तिथेच करावी लागते.

पूर्वपीठिका : प्रणाली का हवी आहे, हे आवश्यकतांच्या व्याख्येत यायलाच हवे, असे डग्लस रॉस व केनेथ शोमन यांनी १९७७ मध्येच मांडले होते. पुढील दीड दशक मात्र अभ्यासकांचा भर ‘काय’ व ‘कसे’ यांच्या आकृत्यांवरच राहिला. व्यवस्थापनशास्त्राने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. कॅप्लन व नॉर्टन यांचे ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’ १९९२ चे, तर व्यवसाय-धोरण आणि माहिती तंत्रज्ञान यांच्या जुळणीचे हेंडरसन व वेंकटरामन यांचे प्रतिमान १९९३ चे. या दोन प्रवाहांची गाठ बरीच उशिरा पडली.

काओस : बेल्जियममधील लूव्हँ कॅथलिक विद्यापीठ व अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठ यांच्या सहकार्यातून आलेली पद्धत. अ‍ॅन दार्देन, अ‍ॅक्सेल व्हान लॅमस्वीर्द व स्टीफन फिकास यांचा तिच्यावरील पायाभूत लेख १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीत उद्दिष्टे इतकी बारीक फोडायची, की प्रत्येकाची जबाबदारी एकाच कर्त्यावर टाकता यावी. कर्ता सॉफ्टवेअर असेल तर ती आवश्यकता. माणूस किंवा बाहेरचे यंत्र असेल तर ती केवळ अपेक्षा. हा भेद दिसतो तितका किरकोळ नाही, हे लंडन रुग्णवाहिका सेवेच्या प्रकरणात दिसते आणि या शाखेत त्या प्रकरणाचा अभ्यास वारंवार झाला आहे.

सुमारे ६०० चौरस मैल आणि ६८ लाख वस्ती सांभाळणाऱ्या या सेवेकडे रोज दोन ते अडीच हजार फोन येत. ठरलेल्या निकषानुसार फोन आल्यापासून ३ मिनिटांत गाडीला आदेश जावा आणि ९५ टक्के वेळा ती १४ मिनिटांत पोहोचावी, अशी अपेक्षा होती. त्यासाठी बसवलेली संगणकीय प्रणाली २६ ऑक्टोबर १९९२ रोजी पूर्णपणे सुरू झाली आणि दोन दिवसांत कोलमडली. काओसच्या अभ्यासकांनी १४ मिनिटांच्या उद्दिष्टाची फोड केली : ३ मिनिटांत आदेश आणि उरलेल्या ११ मिनिटांत प्रवास. ३ मिनिटांत जवळची मोकळी गाडी निवडायची तर प्रत्येक गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही, ही माहिती संगणकाकडे सतत खरी असली पाहिजे. ती खरी ठेवणे मात्र सॉफ्टवेअरच्या हातात नव्हते. गाडीवरच्या कर्मचाऱ्याने प्रत्येक टप्प्यावर योग्य बटण योग्य क्रमाने दाबावे आणि रेडिओने तो संदेश पोहोचवावा, ही अपेक्षा होती. बटणे चुकली, रेडिओचे संदेश हरवले; माहिती चुकली म्हणून निवड चुकली आणि त्यातून इशाऱ्यांची रांग वाढत गेली. चौकशी समितीने १९९३ च्या अहवालात घाईचे वेळापत्रक, अपुरे प्रशिक्षण व व्यवस्थापनाच्या चुका यांवरही बोट ठेवले. या गोंधळात किती रुग्ण दगावले याबद्दलचे दावे परस्परविरोधी आहेत.

प्रत्येक उद्दिष्टाच्या आड काय येऊ शकते हे पद्धतशीरपणे शोधण्याचे ‘अडथळा-विश्लेषण’ व्हान लॅमस्वीर्द व एमान्युएल लेतिए यांनी २००० मध्ये याच प्रकरणावर दाखवले.

आयस्टार : एरिक यू यांनी टोरंटो विद्यापीठातील १९९५ च्या प्रबंधात मांडलेली पद्धत. तिचे एकक उद्दिष्ट नसून परावलंबन हे आहे : कोण कोणावर, कशासाठी अवलंबून आहे. ‘ग्राहक खूश असावा’ यांसारख्या, नेमक्या कधी साधल्या हे ठरवता न येणाऱ्या गोष्टींना तिच्यात ‘मृदू उद्दिष्टे’ म्हणतात. ती पूर्ण होत नाहीत, पुरेशी साधतात. संस्थेतील हितसंबंध उघडे पाडण्यात ही पद्धत काओसपेक्षा सरस ठरते. मात्र तिच्या आकृत्या पाहता पाहता कोळ्याच्या जाळ्यासारख्या होतात. २०१६ मध्ये तिची सुटसुटीत दुसरी आवृत्ती आली.

धोरणाशी सांधा : वरील पद्धतींत ‘उद्दिष्ट’ आहे, पण उद्दिष्ट म्हणजे धोरण नव्हे. ही उणीव ‘बिझनेस मोटिव्हेशन मॉडेल’ने अंशतः भरून काढली. बिझनेस रूल्स ग्रुपने २००० मध्ये ते मांडले व पुढे ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने स्वीकारले. त्यात साध्ये (दृष्टी, ध्येये, मोजता येणारी लक्ष्ये) आणि साधने (कार्यध्येय, धोरण, डावपेच) वेगळी ठेवली आहेत. स्टीव्हन ब्लाइस्टीन, कार्ल कॉक्स, जून व्हर्नर व कीथ फाल्प यांनी २००६ मध्ये ही रचना, संगणकतज्ज्ञ मायकेल जॅक्सन यांच्या समस्या-आकृत्या आणि कार्यप्रक्रियेच्या आकृत्या एकत्र सांधल्या. उदाहरण म्हणून त्यांनी जपानमधील सेव्हन-इलेव्हन ही दुकानसाखळी घेतली. तिची दुकाने लहान, साठवणीला जागा नाही; त्यामुळे गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू त्या वेळी फळीवर असणे आणि नको ती नसणे, हेच तिचे धोरण. १९८२ पासून तिथे गल्ल्यावरच विक्रीची संगणकीय नोंद होऊ लागली. गिऱ्हाईक स्त्री की पुरुष आणि अंदाजे वय किती, याची कळही रोखपालाने दाबायची असे. सुटी पाहिली तर ही कळ रांग लांबवणारी कटकट वाटते. कोणत्या वेळी कोण काय नेतो हे ठाऊक असल्याशिवाय पुढची मागणी नोंदवता येत नाही, हे कळले की तिची जागा पटते.

मोजमाप : आवश्यकता व धोरण यांची जुळणी आकड्यांत मोजता येते का, यावर एकमत नाही. व्हिक्टर बेसिली व जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था यांची ‘जीक्यूएम प्लस स्ट्रॅटेजीज’ (जीक्यूएम म्हणजे उद्दिष्ट-प्रश्न-मापक) ही पद्धत प्रत्येक उद्दिष्टाला मापक जोडते. ‘मदत करते’, ‘बाधते’ अशा शेऱ्यांवर थांबणाऱ्या प्रतिमानांत एखादी आवश्यकता वरच्या ध्येयाला किती हातभार लावते हे अनुत्तरितच राहते.

मानकीकरण : आयटीयू-टी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानक संस्थेचे झेड.१५१ (२००८) आणि, उद्दिष्टे व प्रेरणांसाठी, संस्था-प्रतिमाननाच्या आर्किमेट या भाषेची २.० आवृत्ती (२०१२).

व्यवहारातील स्थिती : उद्योगात ही प्रतिमाने पूर्ण स्वरूपात क्वचित वापरली जातात. ‘अजाइल’ पद्धतीतील यूजर स्टोरी या तीन तुकड्यांच्या आवश्यकता-वाक्याचा तिसरा तुकडा, म्हणजे ‘अमुक साधावे म्हणून’, आणि गोइको आजिच यांचे ‘इम्पॅक्ट मॅपिंग’ (२०१२) ही त्यांची सौम्य रूपे मानता येतील. घाईत तोच तिसरा तुकडा गाळला जातो.

भारतात : पुण्यातील टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर (स्थापना १९८१) येथे संस्था-प्रतिमाननाच्या संशोधनात आयस्टारचा वापर झाला आहे.