जुन्या चौकटीचा नवा पडदा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरातल्या खिडकीला आडव्या पट्ट्यांचा पडदा बसवणं, ज्याला आता आपण सगळेच 'ब्लाइंड्स' म्हणतो, ही काय भाषणाची गोष्ट आहे, असं आपल्याला वाटेल. २०२३ च्या दिवाळीनंतर पळसदेवच्या आमच्या घरी हे काम काढलं, तेव्हा मलाही ते अर्ध्या दिवसाचंच वाटलं होतं. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. मावळतीचं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर यायचं, एवढंच निमित्त.

पळसदेव हे इंदापूर तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. जुनं गाव भीमेच्या काठी होतं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि जुनं गाव, पळसनाथाच्या प्राचीन मंदिरासकट, यशवंतसागर जलाशयाच्या पोटात गेलं. गाव सोडताना आमच्या वडिलांनी दारं, तुळया आणि सोप्यातली एक खिडकी चौकटीसकट बैलगाडीत घातली. नव्या घरात मावळतीच्या भिंतीत तीच खिडकी आहे. पाच लोखंडी गज आणि आत उघडणाऱ्या दोन झडपा.

जुनं घर माळवदाचं होतं. जाडजूड मातीच्या भिंती, वर मातीचंच छत, त्यात उजेडाला आणि धुराला एक सवणं. खिडक्या मोजक्या आणि लहान. ऊन घरात शिरूच द्यायचं नाही, अशी ती बांधणी. मग पडदा कशाला हवा? वैशाखात दाराला ओलं गोणपाट टांगलं की भागायचं. पडद्याची गरज मोठ्या खिडक्यांना लागते. साहेबांच्या बंगल्यांत व्हरांड्याला बांबूच्या कामट्यांची चिक असे आणि दाराला वाळ्याचा ताटवा. त्यावर पाणी मारायला अर्थात माणूस वेगळा! मुंबईतल्या जुन्या इमारतींत लाकडी पट्ट्यांच्या तिरप्या झडपा अजून दिसतात. वारा येतो, ऊन येत नाही आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. या झडपांना साहेब लोक 'जिलमिल' म्हणत. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हा शब्द आहे. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवत. त्यातून येणारा दुधी उजेड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आजच्या काळ्या काचा आवडणं कठीण.

दोरीनं वरखाली होणारा पट्ट्यांचा पडदा इंग्रजांच्या लेखी व्हेनिसचा. लंडनमध्ये १७६९ साली एडवर्ड बेव्हननं त्याचं पेटंट घेतलं. फ्रेंच मात्र पट्ट्यांच्या झडपांना 'पर्सिएन' म्हणजे इराणी म्हणतात. आपलं म्हणायला कोणी तयार नाही. लाकडाच्या जागी ॲल्युमिनियम आलं, मग हा पडदा कचेऱ्यांत गेला आणि तिथून घरोघर.

आता आमची फजिती. मी खिडकीचं माप वरच्या बाजूला घेतलं, दोन फूट चार इंच. पाव इंच कमी करून पडदा करून आणला. वर छान बसला, पण खाली सोडताना पट्ट्या अडकू लागल्या. खाली माप भरलं दोन फूट साडेतीन इंच! चार सुतांचा फरक. पडदा चौकटीच्या आत बसवायचा तर माप वर, मध्ये आणि खाली असं तीनदा घ्यायचं आणि सर्वांत लहान तेच धरायचं. हे मला बसवणाऱ्या पोरानं नंतर सांगितलं. तो म्हणाला, "काका, ही चौकट काढून टाका, वाकडी आहे. नाहीतर रंधा मारू."

आई खाटेवरून म्हणाली, "त्या लाकडाला हात लावू नगंस. खिळासुदिक नगं."

शेवटी पडदा चौकटीच्या बाहेर, वरच्या भिंतीत प्लग ठोकून लावला. पडदा दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच रुंद, म्हणजे नव्यानं करून घेतलेला. पहिल्याचे पैसे गेले. तो आता गोठ्याच्या खिडकीला आहे आणि म्हशीची तक्रार नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप खाली गेलं आणि मंदिर उघडं पडलं. लांबलांबून माणसं बघायला आली. आईलाही नेलं. चिखल वाळून भेगाळलेला. ती काठी टेकत हिंडली आणि एका जोत्याच्या दगडांपाशी थांबली. हेच आपलं घर, म्हणाली. मी विचारलं, "खिडकी कुठल्या अंगाला होती?" तिनं देवळाकडे हात केला.

"तुझ्या बानं रातीत उपसली ती," ती म्हणाली. "पाणी चढत हुतं. पहार घालून उपसली. तवाच पिळली."