दोरगाड्यांचें शहर

केबल कार म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें रायगडावर चढणारा अधांतरींचा पाळणा उभा राहतो. आम्हांस येथें जिचा इतिहास सांगावयाचा आहे, ती गाडी निराळी. तिचा दोर डोक्यावर नसून रस्त्याच्या पोटांत असतो, आणि तिचें माहेर म्हणजे अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहर.

हें शहर टेकड्यांवर वसलेलें. ओल्या फरसबंदीच्या चढणीवर ट्राम ओढणारे घोडे घसरून मेलेले १८६९ सालीं अँड्र्यू हॅलिडी यानें पाहिले व त्यास ही युक्ति सुचली, असें सांगतात. आम्हांस या कथेपेक्षां त्याचा धंदा अधिक बोलका वाटतो. तो कॅलिफोर्नियांतील खाणींसाठीं तारांचे दोर तयार करीत असे. खाणींतला दोर त्यानें रस्त्यांत आणला. २ ऑगस्ट १८७३ रोजीं पहाटे क्ले रस्त्यावर पहिली गाडी चालली. (मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती पुढील वर्षीं!)

गाडीस स्वतःचें इंजिन नाहीं. यंत्रशाळेंतील चक्रें पोलादी दोराचें अखंड वेटोळें रुळांमधील फटीखालून ताशीं साडेनऊ मैल वेगानें फिरवीत असतात. चालकानें तरफ ओढून चिमट्यांत दोर धरला कीं गाडी निघते; दोर सोडून ब्रेक लावला कीं थांबते. मात्र गाड्या थोड्या असोत वा फार, दोर फिरविण्याचा खर्च टळत नाहीं. म्हणूनच १८८८ सालीं रिचमंड येथें फ्रँक स्प्रेग यानें विजेची ट्राम यशस्वी करून दाखविल्यावर दोरगाड्यांचे दिवस फिरले. १९०६ च्या भूकंपानंतर खुद्द सॅन फ्रान्सिस्कोंतही त्या मुख्यतः विजेच्या ट्रामला न झेपणाऱ्या चढणींवरच उरल्या.

१९४७ सालीं महापौर रॉजर लॅफम यांनीं पॉवेल रस्त्यावरील दोरगाड्या काढून मोटारबस आणण्याचा बेत जाहीर केला. खर्चाचा त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. पण फ्रीडेल क्लुसमन या बाईंनीं स्त्रियांच्या मंडळांना एकत्र करून हा प्रश्न मतपेटीपर्यंत नेला. गाड्यांवर होणाऱ्या खर्चाहून त्यांचें शहरास असलेलें मोल कितीतरी अधिक आहे, असें त्यांचें म्हणणें. नोव्हेंबरांत तिपटीहून अधिक मतांनीं गाड्या राखण्याचा ठराव संमत झाला. जमाखर्चाच्या वहींत न मावणारी गोष्ट सामान्य मतदारांनीं ओळखली, हें आम्हांस त्या यंत्राहूनही नवलाचें वाटतें.

१९६४ सालीं या गाड्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला. त्याच वर्षीं ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरास गेली. पुढें १९८२ ते १९८४ या काळांत सॅन फ्रान्सिस्कोनें गाड्या थांबवून मार्ग व यंत्रशाळा नव्यानें बांधून काढली. आज तीन मार्ग चालू आहेत. त्यांवर नागरिकांपेक्षां पाहुण्यांचीच गर्दी फार, एवढें मात्र आम्हांस खटकतें.